बेरीज मोठ्याने म्हणणारा माणूस

आमच्या पुण्यातल्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक डार्टबोर्ड आहे. लॉकडाऊननंतर लोकांना ऑफिसात परत आणायला म्हणून तो टांगला होता. पहिले दोन आठवडे गर्दी, मग उरलो आम्ही चौघं. खेळ सोपा. ५०१ वरून सुरुवात, एका फेरीत तीन डार्ट, मिळतील ते गुण वजा करत जायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये मारून बरोब्बर शून्यावर यायचं. नेम आमचा वाईट होताच, पण भांडणं व्हायची ती हिशोबावरून. चार इंजिनिअर, आणि ३२१ मधून ८५ गेले किती, यावर एकमत नाही.

शेवटी एकाने फोनवर ॲप घेतलं. गुण टाकले की फोनमधून एक घोगरा, खडीवरून लोखंडी पेटी ओढल्यासारखा आवाज यायचा आणि आकडा सांगायचा. तो आवाज रस ब्रे या माणसाचा. मी त्याच्यामागे लागलो तो इथून.

डार्ट्समधल्या पंचाला इंग्रजीत ‘कॉलर’ असंही म्हणतात. शर्टाची नव्हे, पुकारणारा. मुळात ही नोकरी नव्हतीच. इंग्लंडच्या पबमध्ये बोर्डाशेजारी पाटी आणि खडू असायचा. ज्याला पुढचा डाव खेळायचा, त्याने आधीच्या डावाचा हिशोब लिहायचा, असा रिवाज. म्हणजे पंच कोण, तर नंबर लागायची वाट बघणारा माणूस.

१९७३ मध्ये ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन स्थापन झाली, १९७८ मध्ये नॉटिंगहॅमला तिची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि पबमधला खेळ टीव्हीवर गेला. आता हिशोब फक्त दोन खेळाडूंना कळून भागणार नव्हतं. घरी बसलेल्यालाही तो ऐकू जायला हवा होता. खडूची जागा आवाजाने घेतली.

पुढे घरातच फूट पडली. १९९२ मध्ये एरिक ब्रिस्टो, जॉन लो, फिल टेलर अशा बड्या खेळाडूंनी नवीन संघटना काढली. तिची पहिली जागतिक स्पर्धा १९९४ ची. हीच पुढे पीडीसी झाली. ब्रे तिथे १९९६ मध्ये आले. त्याआधी ते पोलिसात होते आणि काउंटीच्या संघाकडून स्वतः डार्ट्स खेळायचे. पुकारायला ते कसे लागले, याची गोष्ट अशी सांगतात की एका सामन्याला नेहमीचा पुकारणारा आलाच नाही आणि यांना उभं केलं. खडू धरायला कोणी नाही, तर तू धर. पबचाच रिवाज, फक्त मोठ्या हॉलमध्ये.

हे काम नेमकं काय असतं? बोर्डाच्या अगदी शेजारी उभं राहायचं. तिसरा डार्ट रुतला की त्याच क्षणी बेरीज सांगायची. ट्रिपल २०, ट्रिपल १९ आणि साधे १८: एकशे पस्तीस. विचार करायला वेळ नाही, कारण खेळाडू डार्ट काढायला पुढे निघालेला असतो. बोर्डावर २० च्या दोन्ही बाजूंना १ आणि ५ आहेत, म्हणजे थोडा नेम चुकला की ६० ऐवजी २६ हाती. आणि तिन्ही डार्ट ट्रिपल २० मध्ये बसले तर तो प्रसिद्ध ‘एकशे ऐंशी’. ब्रे हा आकडा असा ताणायचे की शेवटचा ‘टी’ हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचायचा.

मला सगळ्यात जास्त आवडले ते दोन नियम. पहिला: खेळाडूने विचारलं तर किती गुण झाले, किती उरले, हे पंच सांगू शकतो. पण ते कसे संपवायचे, कुठला डबल घ्यायचा, हे नाही. १२१ उरले, एवढंच. पुढचं तुझं तू बघ. दुसरा: डार्ट बोर्डातून काढल्यावर गुणांबद्दलची तक्रार ऐकून घेतली जात नाही. पुरावा बोर्डात आहे तोवरच बोलायचं. तो काढला की पुकारलेला आकडा हेच सत्य. आमच्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय, आणि रोलबॅक नाही.

३ जानेवारी २०२४ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक स्पर्धेची फायनल झाली. ल्यूक हम्फ्रीजने १६ वर्षांच्या ल्यूक लिटलरला ७-४ असं हरवलं. जगाने लिटलर पाहिला. ब्रे यांचा मात्र तो निरोपाचा सामना होता. मी हिशोब केला. ११ सेट, सेट जिंकायला तीन लेग, म्हणजे किमान ३३ लेग. लेगला नऊ-दहा फेऱ्या धरल्या तरी तीनशेच्या आसपास बेरजा. वयाच्या ६६ व्या वर्षी, एका रात्रीत, लाखो लोकांसमोर.

आता इथे माझी गोष्ट येते. तीन वर्षांपूर्वी, जुन्या कंपनीत, आमच्याकडे एक सिनिअर होते. सगळे त्यांना काका म्हणत. दोन याद्यांमधले आकडे रोज जुळवून बघणं हे त्यांचं काम. मी एक स्क्रिप्ट लिहिली, जी ते चाळीस सेकंदांत करायची. टाळ्या मिळाल्या. काकांना दुसऱ्या टीममध्ये हलवलं, सहा महिन्यांत ते सोडून गेले. जाताना म्हणाले, “स्क्रिप्ट छान आहे रे. पण आकडा जुळला नाही तर फोन कुणी करायचा, ते तिच्यात लिही.” मी हसलो. ते लिहायचं राहून गेलं. पुढच्या मार्चएंडला आकडे जुळले नाहीत, लॉगमध्ये एक लाल ओळ उमटली आणि नऊ दिवस ती कोणीच वाचली नाही.

२०२५ पासून विम्बल्डनमध्ये लाइन जज नाहीत. कॅमेरे आणि रेकॉर्ड केलेले आवाज आहेत. डार्ट्समध्येही मोजणारे कॅमेरे आलेत, आणि स्टेजवरची वजाबाकी तर कधीच स्क्रीनवर गेली. तरी बोर्डाशेजारी माणूस उभाच आहे. मला वाटायचं, परंपरा म्हणून. आता वाटतं, बेरीज करणं हा त्या कामाचा सोपा भाग होता. आपल्या पणजोबांच्या पिढीला पावकी-निमकी पाठ होती; तेही आपण यंत्राकडे सोपवलं आणि फारसं काही बिघडलं नाही. अवघड भाग होता आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणणं आणि तो चुकला तर तिथेच उभं असणं.

परवा ॲप बंद पडलं. मी बोर्डाशेजारी जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, “सव्वीस!”

मित्र म्हणाला, “नीट बघ, एकेचाळीस आहेत.”

डार्ट अजून बोर्डातच होते. मी पुन्हा बघितलं. त्याचंच बरोबर होतं.