निसरडी वाट आणि दोन चाके

हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो आणि सायकलीवरून कामाला जाणाऱ्यांचे हाल होतात, असा विषय कोल्हापुरात मांडला तर श्रोते हसतील, हे आम्ही जाणून आहोत. पंचगंगेवर पहाटे धुके उतरते, रंकाळ्यावर फिरायला जाणारे कानाला मफलर गुंडाळतात, पण पारा दहा अंशांच्या खाली क्वचितच जातो. बर्फ आम्ही पाहतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. मग हा विषय आमच्या कोणत्या कामाचा?

याचे उत्तर या व्याख्यानमालेच्या दिवसांतच दडलेले आहे. वसंत सरत आला की एखाद्या दुपारी ज्योतिबाच्या डोंगरामागे ढग जमतात, वारा सुटतो आणि वळीव कोसळतो. मातीच्या वासाने आपण सुखावतो. त्याच अर्ध्या तासात चौकाच्या वळणावर एखादा सायकलस्वार आडवा होतो. लोक धावतात, त्याला उठवतात, ‘जरा जपून’ असे सांगतात, आणि प्रकरण तिथेच मिटते. थंड देशातील बर्फ आणि आमचा वळीव यांचे नाते ते हेच.

बर्फ निसरडा का असतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बर्फाच्या पृष्ठावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो, अशी कल्पना फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५० साली मांडली होती. कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्यामानाने कमी घसरवतो. शून्य अंशाच्या आसपासचा, वितळू पाहणारा बर्फ अधिक घातक ठरतो. वळवाचेही असेच आहे. महिनोन्‌महिने रस्त्यावर धूळ, तेलाचे थेंब आणि टायरांची झीज साचत राहते. पहिल्या सरीने त्याचे वंगण बनते. आषाढात मुसळधार लागली की रस्ता धुऊन निघतो. पाणी जास्त असूनही तो पहिला दगा राहत नाही. थोडे पाणी अधिक फसवे, हा दोन्हीकडचा अनुभव आहे.

आता थोडे इतिहासाकडे वळू. कार्ल फॉन द्राइस या जर्मन गृहस्थाने १८१७ साली मानहाइम शहरात दोन चाकांचे एक यंत्र चालवून दाखवले. त्याला पायटे नव्हते. जमिनीला पाय मारीत पुढे जायचे. त्या काळचे रस्ते बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी फाटलेले. साहजिकच स्वार पादचाऱ्यांच्या सपाट वाटेवर चढले, आणि लवकरच त्यांना तिथे मनाई झाली. म्हणजे सायकलीच्या जन्मापासूनच तिला रस्त्यावर हक्काची जागा नाही. मोठ्या रस्त्यावर ती दुबळी, पायवाटेवर ती उपरी. पुढे दोनशे वर्षांत यंत्र पुष्कळ सुधारले. तिच्या जागेचा प्रश्न मात्र बऱ्याच शहरांत तसाच राहिला.

यंत्राच्या सुधारणेत १८८८ हे साल आम्हांला विशेष वाटते. त्या वर्षी बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. तशी कल्पना टॉमसन नावाच्या गृहस्थाने १८४५ सालीच नोंदवली होती. पण ती रस्त्यावर रुजली डनलॉपमुळे. त्याच वर्षी इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे वडील बंधू रामूअण्णा यांचे सायकलीचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकल चालवायला शिकवणे हाही त्या धंद्याचाच भाग होता. आणि त्याच १८८८ साली तरुण शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा आरंभ झाला. १८९१ साली गाडी कोल्हापुरात आली. तीन ठिकाणच्या या तीन गोष्टींचा परस्परांशी संबंध नव्हता, पण आपल्या भागाच्या दळणवळणाचे नवे युग त्यांनी मिळून उघडले. त्या सायकलीच्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर निघाला आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे आपण सारे जाणतोच.

चाक सुधारले, पण चाकाखालचा रस्ता? स्कॉटलंडच्या मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बारीक खडी दाबून रस्ते बांधण्याची रीत रूढ केली. बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली ती खडी अधिकच घट्ट बसे. मोटारी आल्या आणि हा हिशेब चुकला. रबरी चाकांनी खडीतली बारीक माती उडू लागली, धुळीचे लोट उठले, आणि त्यावर उपाय म्हणून डांबर आले. डांबराने सायकलस्वाराची हाडे खिळखिळी होण्याची थांबली, हा उपकार मान्य केला पाहिजे. पण त्याच गुळगुळीत रस्त्याने मोटारीला वेग दिला आणि तिचे तेलही त्यावर सांडले. ज्याच्यासाठी रस्ता गुळगुळीत झाला त्याचा लाभ, आणि घसरण्याचा धोका मात्र दुसऱ्याच्या वाट्याला, असा हा व्यवहार झाला.

तो दुसरा कोण, हे कोल्हापुरात कुणी वेगळे सांगायला नको. १९०६ साली पायाभरणी झालेल्या शाहू मिलचा भोंगा आता थांबला आहे. पण त्या भोंग्यावर घरातून निघणारा कामगार जुन्या मंडळींच्या डोळ्यांसमोर असेल. हँडलला जेवणाचा डबा, मागे कॅरियरवर कधी पोरगा, कधी पिठाची पिशवी. शिवाजी उद्यमनगरच्या फौंड्र्यांत आणि लेथवर राबणारे हात, आसपासच्या खेड्यांतून किटल्या लटकवून गंगावेशीकडे येणारे दूधवाले, पेपर टाकणारी पोरे, ही सारी दोन चाकांवरची माणसे. अनेकांनी पुढे मोटारसायकल घेतली. पण घसरण्याचा नियम तिलाही तोच आहे.

आणि आमच्या हिवाळ्यालाही स्वतःचा निसरडेपणा आहे. ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला की शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी चिखलमाती डांबरी रस्त्यावर येते, ट्रॉलीतून पाचट सांडते, आणि पहाटेच्या दवाने ते सारे ओले होते. धुक्यात ते दिसत नाही. त्याच वेळी दूधवाला शहराकडे निघालेला असतो. हा आमचा बर्फ.

मोटार घसरली तर ती बहुधा सरकते. सायकल घसरली की पडतेच. कारण सायकलस्वार क्षणाक्षणाला हँडल किंचित फिरवून चाक आपल्या तोलाखाली आणीत असतो. चाकाची जमिनीवरची पकड सुटली की हँडल फिरवूनही उपयोग नसतो. अशा वेळी ‘जपून चालवा’ हा उपदेश अपुरा आहे. कौशल्य स्वाराचे असते. पकड मात्र रस्त्याने द्यावी लागते.

थंड देशांनी हे ओळखले. कोपनहेगनमध्ये हिमवर्षाव झाला की सायकलींच्या वाटांवर मीठ टाकून त्या लवकर मोकळ्या करण्याला महत्त्व दिले जाते. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. स्वीडनमधील कार्लस्कूगा या लहान गावाची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. तिथे पूर्वी मोठ्या रस्त्यांवरचा बर्फ आधी काढीत आणि पायवाटा, सायकलवाटा शेवटी. या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या नगरव्यवस्थेने स्वतःच्या कारभाराची तपासणी केली, तेव्हा ध्यानात आले की पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांत स्त्रिया अधिक, आणि चार बोटे बर्फातून मोटार हाकणे सोपे, बाबागाडी ढकलणे अवघड. म्हणून त्यांनी क्रम उलटा केला: आधी पायवाटा, सायकलवाटा आणि बालवाड्यांचा परिसर, मग मोठे रस्ते. बर्फ तोच, आधी कुणाचा विचार करायचा एवढेच बदलले.

आमच्याकडे मिठाची गरज नाही. वळवाच्या आधी चौक आणि उतार झाडून धुणे, हंगामात रस्त्यावर आलेली शेतमाती त्याच दिवशी खरवडून काढणे, वळणावरच्या गटाराच्या झाकणावर खरबरीतपणा ठेवणे आणि सांडलेल्या तेलावर लगेच वाळू टाकणे, एवढ्याने पुष्कळ साधेल. यातले एकही काम मोठ्या खर्चाचे नाही. पण ते व्हायचे तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल: जो पडतो त्याचाच दोष, असे समजण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

शहराची थोरवी आपण वाड्यांवरून, देवळांवरून, तालमींवरून मोजतो, आणि ते योग्यच आहे. त्या मापांत आणखी एका मापाची भर घालावी, असे आम्हांला वाटते. वळीव पडून गेल्यावर दोन किटल्या लटकवलेला दूधवाला बिंदू चौकाचे वळण निर्धास्तपणे घेतो की नाही, हे ते माप.