ऑडिटर गोदामापर्यंत कसा पोचला

मार्चअखेर जवळ आली की ऑडिटरची माणसं कंपनीच्या गोदामात उतरतात आणि पोती-खोकी मोजली जाताना तिथे जातीने उभी राहतात. बँकेकडे आणि उधारीवर माल नेणाऱ्यांकडे शिल्लक विचारणारी पत्रंही तीच धाडतात. उत्तर कंपनीकडे जात नाही, थेट ऑडिटरच्या पत्त्यावर येतं. आज साधी वाटणारी ही रीत मोठ्या लबाड्यांमधून जन्मली आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये माल मोजणं हे ऑडिटरचं काम मानलं जात नसे. किंग्स्टन कॉटन मिलच्या मॅनेजरने वर्षानुवर्षं कापूस आणि सुताचा साठा फुगवून दाखवला. ऑडिटरांनी त्याच्याच दाखल्यावर भरवसा ठेवून ताळेबंदावर सह्या केल्या. १८९६ साली अपील न्यायालयाने त्यांना जबाबदारीतून मोकळं केलं. ऑडिटर राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असं न्यायमूर्ती लोप्स म्हणाले. मात्र संशयाला जागा दिसली, तर ऑडिटरने मुळाशी गेलंच पाहिजे, हेही त्यांनी बजावलं. पण ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच कागदावर विसंबलं, तर संशय यावा कुठून?

हा प्रश्न १९३८ साली अमेरिकेत ऐरणीवर आला. मॅकेसन अँड रॉबिन्स ही औषधांच्या व्यापारातली मोठी कंपनी. तिचा अध्यक्ष एफ. डोनाल्ड कॉस्टर हा प्रत्यक्षात फिलिप म्युझिका होता. फसवणुकीबद्दल आधीच शिक्षा झालेला, नाव बदलून वावरणारा. कंपनीच्या कच्च्या औषधांच्या विभागाचा माल कॅनडातल्या गोदामांत असल्याचं वह्या सांगत होत्या. खरेदीची बिलं होती, विक्रीच्या पावत्या होत्या, पत्रव्यवहार होता. माल मात्र नव्हताच. सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलरच्या मालमत्तेपैकी जवळपास १ कोटी ९० लाख डॉलरचा साठा आणि येणी निव्वळ कागदावरची होती.

प्राइस वॉटरहाऊसच्या ऑडिटरांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कागद तपासले होते, आणि ते कागद एकमेकांशी चोख जुळत होते. खटकलं ते कंपनीचा खजिनदार ज्युलियन थॉम्प्सन याला. हा विभाग दरवर्षी नफा दाखवी, पण त्यातून रोकड कधी हाती येत नसे. सगळा पैसा पुन्हा मालातच गुंतलेला. एवढ्या मालाचा विमाही साजेसा नव्हता. मालाचे व्यवहार पाहणाऱ्या पेढीच्या पतविषयीचे अहवाल घेऊन तो थेट पतमाहिती देणाऱ्या डन अँड ब्रॅडस्ट्रीटकडे गेला. हे अहवाल आमचे नव्हेतच, असं तिथे कळलं. बाहेरच्या माणसाला समक्ष विचारलेल्या त्या एका प्रश्नाने सगळा डोलारा कोसळला. त्या डिसेंबरात म्युझिकाने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

पुढच्याच वर्षी अमेरिकी लेखापालांच्या संस्थेने नियम बदलला. साठ्याच्या मोजणीला हजर राहणं आणि येणी ऋणकोंकडून पडताळून घेणं हा ऑडिटचा नेहमीचा भाग झाला.

लबाडीही मागे राहिली नाही. १९६३ साली न्यू जर्सीतल्या बेयोन इथे तेलव्यापारी टिनो डी अँजेलिसच्या खाद्यतेलाच्या टाक्यांमध्ये बहुतांश पाणी निघालं. तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे वरून तपासणाऱ्याला तेलच दिसे.

भारताला हा धडा ७ जानेवारी २००९ रोजी मिळाला. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात कबूल केलं, की रोख आणि बँक शिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. ऑडिटर होते प्राइस वॉटरहाऊसच्याच भारतीय पेढीचे. बँकांना शिल्लक विचारणारी पत्रं धाडणं आणि त्यांची उत्तरं आणणं त्यांनी कंपनीच्याच हाती सोपवलं होतं, असा ठपका अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने ठेवला. रीत पाळली गेली होती, पण तिचा जीवच काढून घेतलेला होता.

भारतातली ऑडिटची मानकं आता या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे मागतात: साठ्याच्या मोजणीसाठी एसए ५०१, बाहेरून पडताळणीसाठी एसए ५०५. म्हणूनच जाणता ऑडिटर यादीतला माल गोदामात शोधतो, तसाच गोदामातला माल यादीतही शोधतो. आणि बँकेचं उत्तर आलं, की आकड्याआधी ते नेमकं कुठून आलं हे पाहतो.