उल्हासच्या पुराचे माप

नाशिकला गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात नाशिककर पुराचा आकडा विचारीत नाहीत; पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, एवढे विचारतात आणि काठावरची दुकाने आवरावयाची की नाही ते ठरवितात. आमच्या उल्हास नदीला असा मारुती लाभलेला नाही. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून ती कर्जत, बदलापूर, कल्याण करीत येते, ठाण्याच्या उत्तरेस घोडबंदराला वळसा घालते आणि वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. तिचे माप आम्हांस कळते ते नकाशावरच्या दोन रेषांनी. निळी रेषा सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामास बंदी, दोहोंमधल्या पट्ट्यात निर्बंध. ह्या रेषा येतात कोठून आणि त्यांवर विसंबावे किती, हा आजचा विषय.

आलेला पूर मोजण्याची विद्या जुनी आहे. कैरोजवळ नाईल नदीतल्या रोडा बेटावर नवव्या शतकातला मापस्तंभ अजून पाहावयास मिळतो. न आलेल्या पुराचा अंदाज बांधण्याची विद्या मात्र विसाव्या शतकातली, आणि तिच्या घडणीत एमिल गुंबेल ह्या जर्मन गणितज्ञाचा वाटा मोठा. हा गृहस्थ विलक्षण. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत झालेल्या राजकीय खुनांची त्याने मोजदाद केली, कोणत्या पक्षाच्या खुन्यांना न्यायालये किती हलकी शिक्षा देतात ते आकड्यांनी दाखविले, आणि त्याच्या राजकारणापायी 1932 साली हायडेलबर्गच्या विद्यापीठातून त्यास काढून टाकण्यात आले. पुढे अमेरिकेत जाऊन 1941 मध्ये त्याने नद्यांच्या पुरांचे गणित मांडले. रीत अशी : दर वर्षाचा सर्वांत मोठा पूर तेवढा घ्यावा, त्या पुरांची उतरंड लावावी, आणि उतरंडीच्या पलीकडला पूर केवढा असेल ते काढावे.

ह्या गणिताचा अर्थ लावताना चांगले शिकलेले लोकही फसतात. शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असे आम्ही मानतो. वस्तुतः शंभर गोट्यांच्या पिशवीत एक लाल गोटी आहे. दर वर्षी डोळे मिटून एक गोटी काढावयाची आणि परत टाकावयाची, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे लाल रेषेवरच्या घरात 30 वर्षे राहणाऱ्यास ती गोटी एकदा तरी लागण्याचा संभव 26 टक्के. निळ्या रेषेवरचे घर 25 वर्षांच्या कर्जाने घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत उंबरठ्यावर पाणी येण्याचा संभव 64 टक्के निघतो.

आणि हेही केव्हा? पिशवीतल्या गोट्या त्याच राहिल्या तर! गुंबेलच्या रीतीचा सारा भार ह्या एका गृहीतावर आहे. उल्हासच्या खोऱ्यात ते कितपत टिकते पाहा. 1856 मध्ये कल्याणहून पळसदरीकडे लोहमार्ग गेला, तो नदीच्या सोबतीने. 1922 पासून भिवपुरीचे वीजघर सह्याद्रीपलीकडचे, भीमेच्या खोऱ्यातले पाणी ह्या बाजूस उतरवू लागले. 1949 मध्ये निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले, 1972 मध्ये बारवी धरण आले. कल्याण-डोंबिवलीची वस्ती 2011 च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात गेली. ही वस्ती वसली ती पुष्कळशी भातखाचरांवर. एक एकर खाचराने बांधापर्यंत सहा इंच पाणी धरले, तर सहा लाख लिटरांहून अधिक पाणी जागीच अडते. त्या जागी फरशी घातली की तेच पाणी गटारातून घटकाभरात नदीत. खाली खाडीतले तिवर तुटले, रेती उपसली गेली, भराव पडले. तेव्हा नदीचे नाव तेवढे जुने उरले आहे.

आभाळही जुने राहिलेले नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. 1950 ते 2015 ह्या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरच्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखविले. त्या पावसाची वाफ पुष्कळशी अरबी समुद्रावरून, म्हणजे आमच्याच अंगणावरून जाते.

26 जुलै 2005 चा दिवस आमच्यापैकी बहुतेकांना वेगळा सांगावयास नको. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास 75 मिलिमीटरही नाही. जुन्या नोंदी विश्वासाच्या खऱ्या, परंतु त्या ज्या अंगणातल्या, त्याच अंगणापुरत्या! त्यानंतर चौदा वर्षांनी, 27 जुलै 2019 रोजी, कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पाण्यात उभी राहिली आणि हजारावर उतारू होड्यांतून काढावे लागले. ह्यांतला कोणता पूर किती वर्षांतून एकदा येणारा, हा वाद अभियंत्यांनी करावा. आमची मागणी साधी आहे : रेषा दाखविताना ती कोणत्या सालापर्यंतच्या नोंदींवर आणि कोणत्या ठिकाणच्या पर्जन्यमापकावर काढली, हे तिच्या शेजारी छापावे, आणि ठराविक वर्षांनी ती पुन्हा काढावी.

समुद्राचा हिशेब त्यात वेगळा. कल्याणपर्यंत भरतीचे पाणी चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वरून पूर आला की खाडी त्याला वाट देत नाही आणि पाणी गल्लीत तुंबते. उधाणाची तिथी कोळ्याच्या पोराला तोंडपाठ असते आणि भरतीची वेळ वर्षभर आधी छापून मिळते. त्याच वेळी सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असेल काय, हे मात्र फार तर दोन-चार दिवस आधी कळते, आणि तेही ढोबळ मानाने.