'फायसेरम' प्रजातीचे वर्गीकरण : एक ऐतिहासिक आलोचन

पावसाळ्यात कुजणारा पाचोळा व ओलसर लाकूड ही श्लेष्मकवकांची स्वाभाविक वसतिस्थाने होत. कृष्णेच्या खोऱ्यातील माधवनगरच्या परिसरात अशी स्थळे दुर्मिळ नाहीत. तेथे आढळणाऱ्या एखाद्या चुनामिश्रित राखी बीजुककोशास कोणते नाव द्यावे, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

'फायसेरम' ही प्रजाती पर्सून याने १७९४ साली स्थापिली. त्या काळी या जीवांची गणना कवकांतच होत असे. फ्रीस यानेही १८२९ मध्ये त्यांना भूछत्रवर्गीय गोलकांच्या गटात ठेविले. परंतु १८५९ साली द बारी याने त्यांच्या जीवनक्रमातील अमीबासदृश अवस्थेवर भर देऊन 'मायसेटोझोआ' हे नाव पुढे केले व त्यांचे कवकत्वच संशयास्पद ठरविले. त्याचा शिष्य रोस्टाफिन्स्की याने पोलिश भाषेतील आपल्या प्रबंधात (१८७५) बीजुकांचा रंग, केशजाल व चुन्याचे स्वरूप या लक्षणांवर वर्गीकरणाची घडी बसविली.

या घडीनुसार केशजालात चुन्याच्या गाठी असून त्या पारदर्शक तंतूंनी जोडलेल्या असल्यास 'फायसेरम'; सर्वच केशजाल चुन्याने भरलेले असल्यास बर्कलीने १८५३ मध्ये स्थापिलेली 'बॅडहॅमिया'; आणि चुना स्फटिकरूप असल्यास 'डिडिमियम', असा भेद केला जातो. लिस्टर (१८९४) आणि मार्टिन व अलेक्सोपोलस (१९६९) यांनीही हीच परंपरा मुख्यत्वे पुढे चालविली. भारतात लोधी यांचे १९३४ चे व थिंड यांचे १९७७ चे ग्रंथ याच चौकटीत सिद्ध झाले.

तथापि या लक्षणांत एक दोष आहे. चुन्याचे प्रमाण आर्द्रता व वाढीची परिस्थिती यांनुसार बदलते; त्यामुळे 'फायसेरम' व 'बॅडहॅमिया' यांची सीमा कित्येक नमुन्यांत अस्पष्ट होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तर 'फायसेरम' ही एकाच पूर्वजापासून उद्भवलेली प्रजाती नसल्याचे दाखविले. सहज दिसणारे लक्षण हे वंशसंबंधाचे लक्षण असतेच असे नाही, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.

म्हणून संग्राहकाने नमुन्यावर केवळ नाव लिहून थांबू नये. प्लाझ्मोडियमचा रंग, आधारद्रव्य, स्थळ व दिनांक यांची नोंद जपून ठेवावी. नाव बदलले, तरी अशी नोंद पुढील संशोधकास उपयोगी पडेल.