सत्तावीस गावांची नगरपालिका

कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली झाली आणि आमची सत्तावीस गावं तिच्यात गेली. विरोध करून २००२ मध्ये बाहेर पडलो, ग्रामपंचायती परत मिळाल्या. जून २०१५ मध्ये पुन्हा आत! आमची मागणी मात्र एकच राहिली: स्वतंत्र नगरपालिका द्या. रस्ता, गटार, पाणी कुठे हवं, हे इथल्या माणसाला कळतं. त्याच्या मताला तिथे वजन असेल.

मार्च २०२० मध्ये सरकारनं अठरा गावांची 'कल्याण उपनगर' नगरपरिषद ठरवली, नऊ गावं महापालिकेतच ठेवली. ही फाळणी मला आजही सलते. मोर्च्यात आम्ही सगळे एकत्र चाललो होतो. डिसेंबरात उच्च न्यायालयानं तो निर्णयच रद्द केला. कायद्यानं महापालिकेशी सल्लामसलत बंधनकारक होती, ती सरकारनं केलीच नव्हती.