गीतांजली आणि स्कायट्रेन: स्वस्त लांबच्या प्रवासाचं 1977 साल

माझ्या पीएचडीचा विषय प्रवासभाड्यांचा इतिहास आहे असं सांगितलं की शहापूर-मुरबाडकडे हमखास एकच प्रश्न येतो: "मग लंडनचं स्वस्त तिकीट कसं मिळतं ते सांग की!" प्रश्न थट्टेचा नसतो. घरातलं पोरगं शिकायला निघालेलं असतं, कर्ज काढलेलं असतं. किती आठवडे आधी आणि कोणत्या वारी तिकीट काढावं, याची युक्ती माझ्याकडे नाही. पण स्वस्त तिकीट मुळात स्वस्त कशामुळे होतं, हे इतिहासात बरंच स्पष्ट दिसतं. त्यासाठी कसाऱ्यापासून सुरुवात करू.

26 डिसेंबर 1977 ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. आपल्या आसनगाव, आटगाव, खर्डीवरून जाणारी, कसाऱ्याहून थळ घाट चढणारी गाडी. तिचं वेगळेपण म्हणजे तिच्यात एकच वर्ग होता, दुसरा. रेल्वेमंत्री होते राजापूरचे खासदार मधु दंडवते. स्लीपरच्या लाकडी फळ्यांवर फोम आला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. आज आपण त्या गादीवर सहज पाय पसरतो, पण तोवर लांबचा स्वस्त प्रवास म्हणजे दोन-दोन रात्री नुसत्या फळीवर, असंच समीकरण होतं.

आता घाटाचा हिशोब बघा. 1865 पासून रेल्वे हा घाट चढते आहे. चढ 37 फुटांना 1 फूट, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. डब्यात साहेब बसलाय की मजूर, बँकरला फरक पडत नाही, खर्च तोच. मग भाडं कमी कसं ठेवायचं? रेल्वेने दोन गोष्टी केल्या: डबे खच्चून भरले, आणि प्रवाशांवर होणारा तोटा मालगाड्यांच्या कमाईतून भरून काढला. म्हणजे आपलं तिकीट स्वस्त होतं तेव्हा उरलेला खर्च कोळसा आणि सिमेंट उचलत होतं.

गीतांजलीच्या बरोबर तीन महिने आधी, 26 सप्टेंबर 1977 ला, फ्रेडी लेकर नावाच्या ब्रिटिश माणसाने लंडन-न्यूयॉर्क विमानसेवा सुरू केली. तिचं नाव स्कायट्रेन, म्हणजे आकाशातली आगगाडी. लंडनहून एका बाजूचं भाडं 59 पौंड. आगाऊ आरक्षण नाही, रांगेत उभं राहायचं, तिकीट घ्यायचं, चढायचं. जेवण हवं असेल तर वेगळे पैसे.

यात एवढं काय, असं वाटेल. पण तोवर विमान कंपन्यांना आपल्या मर्जीने भाडं उतरवताच येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय भाडी आयाटा या संघटनेत कंपन्या मिळून ठरवत आणि सरकारं त्यावर शिक्का मारत. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं तेव्हा एका बाजूचं भाडं 1,720 रुपये होतं. भाड्यावर स्पर्धा नाही, म्हणून कंपन्या ताटावर स्पर्धा करत. 1958 मध्ये अटलांटिकवर स्वस्त इकॉनॉमी वर्ग आला, त्यात फक्त साधं सँडविच द्यायचं ठरलं. स्कँडिनेव्हियन कंपनीने पावावर असा काही थर रचला की इतर कंपन्यांनी तक्रार केली आणि तिला 20,000 डॉलर दंड झाला. (वडापाव त्या व्याख्येत बसला असता का, हा माझा आवडता निरर्थक प्रश्न.)

लेकरची कंपनी फेब्रुवारी 1982 मध्ये बुडाली. डोक्यावर कर्ज होतं आणि मोठ्या कंपन्यांनीही भाडी उतरवली होती. पण माझ्या मते खरी अडचण त्याहून खोल आहे आणि ती आजही सुटलेली नाही. मुंबई-नागपूरसारख्या दीड तासाच्या मार्गावर विमान जमिनीवर अर्धा तास कमी थांबवलं, तर दिवसभरात एखादी जादा फेरी निघते. बजेट कंपनीची सगळी जादू त्या जादा फेरीत असते. मुंबई-लंडनला विमान तसंही नऊ-दहा तास हवेतच असतं. तिथे अर्धा तास वाचवून काय हाती लागणार? इंधन तेवढंच जळतं, कर्मचाऱ्यांना परदेशात मुक्काम द्यावाच लागतो. थोडक्यात, हा घाट सगळ्यांनाच चढावा लागतो, आणि इथे मालगाडीची कमाई नसते.

म्हणून या वाटेवर पडलेल्यांची रांग मोठी आहे. एअर एशिया एक्स 2010 मध्ये मुंबईहून क्वालालंपूरला उडू लागली, 2012 च्या सुरुवातीला थांबली. जुलै 2025 मध्ये इंडिगोने नॉर्स या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या विमानांनी मुंबई-मँचेस्टर आणि मुंबई-ॲमस्टरडॅम सुरू केलं, तेव्हा गरम जेवण तिकिटातच दिलं. मला लगेच दंडवत्यांचा फोम आठवला. तासाभराच्या प्रवासात काढून घेतलेल्या गोष्टी दहा तासांच्या प्रवासात परत द्याव्या लागतात.

आता तुमच्या पोराचं तिकीट. फार स्वस्त दिसलं तर वाचलेला खर्च कोणाच्या अंगावर टाकलाय ते शोधा. बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतो. एक, सामान: शिकायला जाणाऱ्याच्या दोन मोठ्या बॅगा त्या भाड्यात धरलेल्याच नसतात. दोन, मधला थांबा: दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं असतील तर मध्ये बॅगा उतरवून पुन्हा द्याव्या लागतात, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी सहसा हात वर करते. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर पुढचं विमान मिळवून देणं ही कंपनीची जबाबदारी. हजार-दोन हजारांचा फरक असेल तर मी डोळे झाकून एकच तिकीट घेईन.

आणि बेरीज घरापासून करा. मुरबाडला अजून रेल्वे नाही. विमान पहाटेचं असेल तर त्या वेळी एसटी मिळणार नाही, शहापूरकरांनाही आसनगावहून लोकल नाही. सहारपर्यंतची रात्रीची गाडी तिकिटाच्या खाली पेनाने लिहा, मग दोन तिकिटांची तुलना करा.