निळ्या दिव्याखालचा शिपाई

चोर-पोलिसांच्या गोष्टीची गोडी लागायला वय लागत नाही आणि ती एकदा लागली की उतारवयातही सुटत नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा शाळकरी पोरांनी पांघरुणात लपून वाचल्या आणि त्याच पोरांच्या उशाखालून काढून वडीलधाऱ्यांनीही वाचल्या. गुन्हा घडतो, माग लागतो, गुन्हेगार सापडतो आणि वाचक समाधानाने दिवा मालवून झोपी जातो. दिवसभरात जगाकडून जो न्याय मिळाला नाही, तो निजण्यापूर्वी शंभर पानांत मिळत असेल तर कोणाला नको?

परंतु ह्या गोष्टींतला पोलीस आणि रस्त्यावरचा पोलीस हे एकच असतात का? आणि नसले तर तो फरक लोकांना दाखवावा की झाकून ठेवावा? ह्या प्रश्नावरून इंग्लंडात १९६२ साली मोठी खडाजंगी उडाली. निमित्त झाले टेलिव्हिजनवरच्या एका पोलिसी मालिकेचे. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. मात्र तिच्याआधी एका मेलेल्या शिपायाची कथा सांगितली पाहिजे.

१९५० साली इंग्लंडात ‘द ब्लू लॅम्प’, म्हणजे ‘निळा दिवा’, हा बोलपट निघाला. तिकडे पोलीस ठाण्याच्या दारावर निळ्या काचेचा दिवा लावण्याची जुनी चाल आहे. त्यावरून हे नाव. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन ठाण्यावरचा जॉर्ज डिक्सन हा त्यातला वयस्क, प्रेमळ शिपाई. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना एका सिनेमागृहावर दरोडा घालणारा उलट्या काळजाचा तरुण त्याच्यावर गोळी झाडतो आणि डिक्सन मरतो. त्याच्या हाती शस्त्र नसते, कारण इंग्लंडातला गस्तीचा शिपाई पिस्तूल बाळगीत नाही. जॅक वॉर्नर ह्या नटाने हा शिपाई असा काही उभा केला की बोलपट संपला तरी डिक्सन लोकांच्या मनातून जाईना.

मेलेला माणूस परत येत नाही हा जगाचा नियम. नाटकवाल्यांना तो लागू नाही. ‘निळा दिवा’च्या मूळ कथेत ज्याचा हात होता, त्या टेड विलिसने पाच वर्षांनी डिक्सनला थडग्यातून उठवले आणि ९ जुलै १९५५ रोजी बीबीसीच्या टेलिव्हिजनवर ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ ही मालिका सुरू झाली. डॉक ग्रीन हा पूर्व लंडनमधला काल्पनिक मोहल्ला. शनिवारची संध्याकाळ झाली, चहा आटोपला, की घरची सारी मंडळी त्या पेटीसमोर बसत. डिक्सन पडद्यावर येई, हात कपाळाशी नेऊन सलाम करी, शेजाऱ्याने कुंपणाशी उभे राहून बोलावे तसे चार शब्द बोले आणि मग त्या आठवड्याची गोष्ट सुरू होई. गोष्ट तरी केवढी? कोणाचा मुलगा वाईट संगतीला लागलेला, कुठे किरकोळ चोरी, कुठे नवरा-बायकोचे भांडण. शेवटी डिक्सन पुन्हा येऊन ‘अमक्याला इतकी शिक्षा झाली, तमका आता सुधारला आहे’ असे सांगे आणि निरोप घेई. आपल्या कीर्तनाच्या शेवटी बुवांनी आख्यानाचे तात्पर्य सांगावे, तसाच हा प्रकार.

मालिका सुरू झाली तेव्हा जॅक वॉर्नर साठीला टेकला होता. खरा शिपाई त्या वयात केव्हाच पेन्शन घेऊन घरी बसलेला असतो. पण लोकांना त्याचे काही वाटले नाही. १९६१ साली ह्या मालिकेचा प्रेक्षकवर्ग सुमारे १ कोटी ३८ लाखांवर गेल्याचा अंदाज होता. महायुद्धाने पोळलेल्या, मोडकी घरे पुन्हा उभारणाऱ्या त्या लोकांना आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक भला माणूस उभा आहे एवढे पाहावयाचे होते. त्यांनी ते मनसोक्त पाहिले.

पण खुद्द गल्लीच मोडीत निघत होती. लिव्हरपूल शहरातल्या दाट, कोंदट चाळी पाडून तिथल्या कुटुंबांना शहराबाहेर नव्या वसाहतींत नेण्यात येत होते. लिव्हरपूलजवळचे कर्क्बी हे त्यांपैकी एक ठिकाण. १९५१ साली तिथे जेमतेम ३ हजार माणसे होती. १९६१ च्या शिरगणतीत ती ५२ हजारांवर गेली. घरे झाली, पण दुकाने, करमणुकीच्या जागा, जुने शेजार, ओळखीचे चेहरे ह्यांचा पत्ता नव्हता. वस्तीत लहान मुलांचा आणि उनाड पोरांचा भरणा मोठा. जिथे कोणीच कोणाला ओळखीत नाही, तिथे शिट्टी घेऊन पायी हिंडणारा डिक्सन काय करणार? लँकेशायरच्या पोलीस खात्याने तिथे बिनतारी यंत्र बसवलेल्या गस्तीच्या मोटारी आणल्या. वर्दी येताच मोटार सुटे आणि चार-दोन मिनिटांत भांडणाच्या दारात उभी राही. शिपाई वेळेवर पोहोचू लागला खरा. पण तो आता ओळखीचा राहिला नाही.

ह्याच सुमारास ट्रॉय केनेडी मार्टिन हा तिशीच्या आतला स्कॉटिश लेखक गालगुंडाने अंथरुणाला खिळला होता. वेळ जाईना म्हणून तो रेडिओचा काटा फिरवीत बसला असता पोलिसांचे आपापसांतले बोलणे त्याच्या कानी पडू लागले. त्यात गोंधळ होता, वैताग होता, चुका होत्या. डॉक ग्रीनच्या शांत, समजूतदार कारभाराशी त्याचा काही मेळ बसेना. त्याला वाटले, लिहावयाचे ते हे. जॉन मॅकग्रा ह्या दिग्दर्शकाच्या साथीने त्याने जी मालिका रचली, तिचे नाव ‘झेड-कार्स’. कर्क्बीवरून बेतलेले ‘न्यूटाउन’ हे काल्पनिक गाव, ‘झेड-व्हिक्टर एक’ आणि ‘झेड-व्हिक्टर दोन’ ह्या दोन गस्ती मोटारी, त्यांत बसणारे चार शिपाई आणि त्यांना धारेवर धरणारा बार्लो नावाचा आडदांड अधिकारी एवढा तिचा संसार. पोलीस ही ह्या दोघांच्या लेखी नुसती किल्ली होती. त्यांना उघडावयाची होती ती त्या वसाहतीतल्या घरांची दारे.

२ जानेवारी १९६२ रोजी पहिला भाग झाला. ‘झाला’ म्हणावयाचे कारण, हे पन्नास मिनिटांचे नाटक तेव्हा जिवंतच सादर होई. स्टुडिओत मोटारीचा सांगाडा ठेवीत, त्यात नट बसत आणि मागच्या पडद्यावर धावत्या रस्त्याचे चित्रीकरण सोडीत. पाहणाऱ्याला वाटे, मोटार भरधाव चालली आहे. कोणी वाक्य विसरला तर लाखो लोकांदेखत विसरला! ह्या धडधडीनेच त्या मालिकेला एक धार आली.

पण खळबळ उडाली ती मोटारींमुळे नव्हे. पहिल्याच भागात एका शिपायाच्या घरचे दृश्य होते आणि त्यात त्याच्या बायकोचा डोळा काळानिळा झालेला दिसला. तो कोणी केला हे सांगावयास नको होते. लोकांच्या घरची भांडणे सोडवावयास जाणारा शिपाई स्वतःच्या घरी बायकोवर हात टाकतो! पोलीस खात्यात संताप उसळला. ज्या खात्याच्या मदतीने मालिका उभी राहिली होती, त्या लँकेशायरचे मुख्य अधिकारी एरिक सेंट जॉन्स्टन लंडनला जाऊन बीबीसीच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी मालिका बंद करण्याची मागणी केली. आपली माणसे जिवावर उदार होऊन काम करतात आणि तुम्ही त्यांना असे रंगवता, हा त्यांचा सवाल.

हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कायद्याचा धाक पिस्तुलावर चालत नाही त्या देशात तो विश्वासावर चालतो. मुलाने रस्ता चुकल्यावर निळ्या दिव्याकडे धावावे असे वाटत असेल, तर त्या दिव्याखालच्या माणसाविषयी त्याच्या मनात किंतु आणावा काय? घरात लहान मुले असलेल्या कोणत्याही आईबापाला हा प्रश्न कळेल.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. १९५८ च्या डिसेंबरात जोरात मोटार हाकल्यावरून एका शिपायाने एका प्रसिद्ध नटाला अडवले. वाटेने जाणारा एक सरकारी नोकर मध्ये पडला आणि त्याची शिपायाशी झटापट झाली. प्रकरण कोर्टाच्या पायरीशी गेले, तेव्हा पोलीस खात्याने ३०० पौंड देऊन ते मिटवले; चूक मात्र कबूल केली नाही. पार्लमेंटात सभासदांनी विचारले, ‘चूक नव्हती तर लोकांचे पैसे का दिले, आणि होती तर शिपायाला जाब का विचारला नाही?’ ह्या गदारोळातून १९६० साली पोलीस खात्याच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल ‘झेड-कार्स’ सुरू झाल्यावर काही महिन्यांनी, १९६२ सालीच, बाहेर पडला. आयोगासाठी केलेल्या पाहणीत शेकडा ८३ लोकांनी पोलिसांविषयी मोठा आदर असल्याचे सांगितले होते. आदर आणि तक्रार ही दोन्ही त्याच समाजात, एकाच वेळी नांदत होती.

आता नाटकातल्यापेक्षा नाट्यमय अशी खरी घटना ऐका. जुलै १९६३ मध्ये ग्रीसच्या राणीच्या लंडनभेटीविरुद्ध निदर्शने झाली. त्यात डोनाल्ड रूम नावाच्या व्यंगचित्रकाराला हॅरल्ड चॅलेनॉर ह्या गुप्त पोलीस शाखेतल्या सार्जंटने पकडले. हा चॅलेनॉर महायुद्धातला शूर शिपाई, पराक्रमाबद्दल पदक मिळवलेला. ठाण्यावर नेल्यावर त्याने विटेचा एक तुकडा पुढे केला आणि तो रूमच्या खिशात सापडल्याचे सांगितले. रूमने आरडाओरड केली नाही. त्याला शास्त्रीय तपासाची थोडी माहिती होती. सुटका होताच त्याने आपला कोट जसाच्या तसा तज्ज्ञाकडून तपासून घेतला. खिशात विटेची भुकटी नव्हती. वीट खिशात राहिली आणि मागे कणही उरला नाही, हे घडावे कसे? रूम निर्दोष सुटला. पुढे इतर खटल्यांचीही तपासणी होऊन तीन तरुण पोलिसांना तुरुंगवास झाला. चॅलेनॉरचे मन ढासळलेले असल्याने तो खटल्याला उभा राहण्यास अपात्र ठरला.

रहस्यकथेची मांडणीच इथे उलटी झाली. पुरावा रचला पोलिसाने आणि गुप्तहेराचे काम केले आरोपीने! डिक्सनच्या इंग्लंडात हे घडूच शकत नाही अशी ज्याची श्रद्धा होती, त्या ज्यूरीने रूमच्या जागी दुसऱ्या एखाद्या अडाणी माणसाचे काय केले असते, ह्याची कल्पना करून पाहावी. आंधळ्या आदराची किंमत आदर करणारा देत नाही. ती कोठडीत बसलेला कोणी तिसराच देतो. १९६४ साली इंग्लंडात पोलिसांविषयी नवा कायदा झाला आणि पोलिसांविरुद्ध आलेल्या प्रत्येक तक्रारीची नोंद व चौकशी करणे त्याने बंधनकारक केले.

आणि ‘झेड-कार्स’चे काय झाले? बीबीसीने ती बंद केली नाही. लोकांनी ती डोक्यावर घेतली. गंमत अशी की, ज्यांचे दोष दाखवले म्हणून एवढा गहजब झाला, तेच शिपाई घरोघरचे लाडके झाले. तापट बार्लोला लोक पुढे वेगळ्या मालिकेतही पाहत राहिले. केनेडी मार्टिन आणि मॅकग्रा ह्यांना मात्र हे रुचले नाही. पोलिसांच्या किल्लीने दारे उघडावयाची होती. लोक किल्लीच्याच प्रेमात पडले. दोघेही लवकरच बाजूला झाले. १९७८ साली मालिका संपली, तेव्हा शेवटचा भाग लिहावयास केनेडी मार्टिन परत आला.

मला ह्या साऱ्या कथेत अर्थपूर्ण वाटते ते हे की, डिक्सन आणि ‘झेड-कार्स’ एकाच बीबीसीवर चौदा वर्षे शेजारी शेजारी चालले. एकाने दुसऱ्याला मारले नाही. १९७६ साली डिक्सन थांबला तेव्हा जॅक वॉर्नर ऐंशी वर्षांचा झाला होता. लोक शनिवारी भल्या शिपायाला पाहत आणि आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या वारी चुकणाऱ्या शिपायाला पाहत. त्यात त्यांना विसंगती वाटली नाही. सेंट जॉन्स्टनसाहेबांची भीती खोटी ठरली ती इथे. दोष कळल्याने आदर जातो हा समज मोठ्यांचा असतो. घरातल्या मुलांना आईबापांचे दोष ठाऊक असतात, म्हणून ती त्यांना सोडून जात नाहीत. आदराला तडा जातो तो दोष दडवताना पकडले गेल्यावर.

१९८१ साली जॅक वॉर्नर वारला. ‘निळा दिवा’मध्ये डिक्सन ज्या ठाण्याचा शिपाई होता, त्या पॅडिंग्टन ग्रीन ठाण्याच्या खऱ्या पोलिसांनी त्याची शवपेटी खांद्यावर वाहिली. हे पोलीस काही भाबडे नव्हते. चॅलेनॉर प्रकरण त्यांच्याच शहरात घडले होते आणि आपल्या खात्यात डिक्सन किती आहेत हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. तरीही एका नटाला त्यांनी आपल्यातला मानून निरोप दिला. आपण कसे असावे हे दाखवणारा एक माणूस गेला, एवढे त्यांना पुरेसे होते.